धार नव्हे, सांधा

जत्रेतल्या विक्रेत्याने वर्तमानपत्राचं पान हवेत धरलं आणि चाकूने त्याच्या शेवया पाडल्या. मी तिथेच भुललो. पितळी टोकं, शिंगासारखी दिसणारी मूठ, किंमत दोनशेच्या आत. घासाघीससुद्धा केली नाही.

पंधरा दिवसांनी पट्ट्याला एक भोक वाढवायची वेळ आली (पोटाबद्दल इथे बोलायला नको). टोक चामड्यावर ठेवून दाबलं, फिरवलं, आणि पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. तीन टाके. निम्मी चूक माझी. ज्या मिटत्या चाकूचं पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं, त्याने टोचायचं नसतं, ओढून कापायचं असतं. उरलेली निम्मी चूक चाकूची, आणि ती जत्रेतच दिसायला हवी होती.

गावातल्या लोहाराने तो उघडला, पातं चिमटीत धरून आडवं हलवलं. खुळखुळलं. मग धारेजवळ कानस ओढली, ती लगेच रुतली. पाणी नीट दिलेल्या पोलादावरून कानस घसरू पाहते. "दादा, धार मी पाच मिनिटांत लावून देतो," तो म्हणाला, "सांधा कुठनं आणू?"

कागद कुठलंही पातं एकदा कापतं. म्हणून आता दुकानात मी धारेकडे शेवटी बघतो. आधी पातं उघडून आडवं हलवायचं; जरासुद्धा डुलता कामा नये. मग चाकू उजेडाकडे धरायचा. स्प्रिंग आणि मुठीच्या पट्ट्यांमधून उजेड दिसला, तर जुळणी ढिली. मिटलेलं पातं खाचेच्या मधोमध बसायला हवं, टोक पूर्ण आत. बाहेर राहिलेलं टोक खिसा फाडतं. उघडताना आणि मिटताना 'खट्' असा ठाम आवाज यावा. शेवटच्या टप्प्यात पातं स्वतःहून ओढलं गेलं, तर स्प्रिंगमध्ये जीव आहे. मात्र नख मोडण्याइतका ताठरपणा म्हणजे मजबुती नव्हे. पोलादाची परीक्षा घरीच होते: पुठ्ठ्याच्या वीसेक पट्ट्या कापायच्या आणि मग पिकलेला टोमॅटो. साल दबली, तर पातं मऊ.

स्वस्त म्हणजे कच्चा, असंही नाही. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये घडवायला घेतलेला शेतकऱ्यांचा चाकू बघा. त्यात स्प्रिंगच नाही. लाकडी मूठ, एक पातं, एक पिन. पातं जागेवर अडवणारं फिरतं कडं आलं 1955 मध्ये. भाग जितके कमी, तितक्या बिघडायच्या जागा कमी. या चाकूच्या आठ नंबरच्या मापाचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, फळं चिरायला भरपूर.

असा चाकू कार्बन पोलादाचा घेतला, तर कैरी कापल्यावर पातं काळवंडेल. आपल्या विळीचंही तेच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाल ठिपके दिसले तर मात्र तो गंज. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडायचा. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं अडकतं. तेव्हा नखाने झटापट करू नका. कडं मोकळं आहे ना ते बघा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं आपोआप डोकं वर काढतं.

पट्ट्याचं भोक मी चपला शिवणाऱ्याकडून पाडून घेतलं.