‘द गन्स’ म्हणजे कोणत्या तोफा?

मराठी घरांतून आलेल्या मुलांच्या इंग्रजी निबंधांत एक गोष्ट हमखास आढळते. काळ बरोबर असतात, स्पेलिंगही बरेचसे बरोबर असते, पण ‘द’ कुठे गळालेला असतो, तर कुठे नको तिथे येऊन बसलेला असतो. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. इंग्रजीतल्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे मराठीत नाहीतच, हिंदीतही नाहीत. जे आपल्या भाषेत नाही, ते गळाले तरी कानाला खटकत नाही.

उपपदे नसली तरी त्यांच्यामागचा भेद मात्र आपल्याला चांगला ठाऊक आहे. ‘आई मुलगी शोधते आहे’ आणि ‘आई मुलीला शोधते आहे’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात दादाच्या लग्नाची खटपट चालली आहे. दुसऱ्यात धाकटी बहीण खेळून अजून घरी आलेली नाही. एका ‘ला’ने केवढा फरक पडला! पहिली मुलगी अजून ठरायची आहे, दुसरी कोणती ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे. इंग्रजीत पहिलीसाठी ‘अ गर्ल’ म्हणावे लागेल आणि दुसरीसाठी ‘द गर्ल’. म्हणून ‘द’ लिहिण्याआधी नियमांची यादी आठवत बसू नका. ‘कोणता, ते वाचणाऱ्याला माहीत आहे का?’ एवढेच स्वतःला विचारा.

यातले ‘वाचणाऱ्याला’ हे पद महत्त्वाचे. ते विसरले की काय होते याचे उदाहरण लष्करी इतिहासातच आहे. 25 ऑक्टोबर 1854. क्रिमियात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश, फ्रेंच आणि तुर्की सैन्याची रशियनांशी लढाई चालू होती. सकाळीच रशियनांनी टेकड्यांवरची तुर्की ठाणी घेतली होती आणि तिथल्या तोफा ते ओढून नेत आहेत असे उंचावर उभ्या असलेल्या सेनापती लॉर्ड रॅग्लनला वाटले. त्याने घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लूकन याला लेखी हुकूम धाडला. त्याचा आशय असा की घोडदळाने त्वरेने आघाडीकडे जावे, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत. मूळ इंग्रजी हुकुमात शब्द होते ‘द गन्स’.

रॅग्लनच्या जागेवरून ‘द’ अगदी योग्य होता. त्याच्या डोळ्यांसमोर त्या तोफा होत्या. लूकन मात्र खाली होता आणि त्याला टेकड्यांवरचे काही दिसत नव्हते. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनला त्याने कोणत्या तोफा म्हणून विचारले, तेव्हा नोलनने हात केला तो मोघमच, आणि लूकनच्या समजुतीप्रमाणे दरीच्या टोकाकडे. तिथे रशियन तोफखाना सज्ज होता. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरही रशियन होते. लॉर्ड कार्डिगनच्या नेतृत्वाखाली सुमारे 670 स्वारांची लाइट ब्रिगेड त्या दरीत घुसली. शंभराहून अधिक माणसे मारली गेली, घोडे तर त्याहून कितीतरी जास्त. नोलन सुरुवातीलाच पडला. टेनिसनची प्रसिद्ध कविता याच हल्ल्यावरची.

सगळा दोष एका उपपदावर टाकणे बरोबर नाही. लूकन आणि कार्डिगन मेहुणे असूनही त्यांचे पटत नव्हते, आणि हुकुमातली ‘आघाडी’ तरी नेमकी कोणती, हेही मोघमच होते. पण त्या हुकुमात व्याकरणाची चूक शोधली तर सापडत नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते. परीक्षेत त्या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते.

तुमच्या परीक्षांचेही थोडे बोलू. एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला 200 गुण असतात आणि वाक्यातला चुकीचा भाग ओळखण्याच्या प्रश्नांत उपपदे नेहमी डोकावतात. ‘अ’ की ‘ॲन’ हे पहिल्या अक्षरावर नाही, उच्चारावर ठरते. म्हणून ‘ॲन एनसीसी कॅडेट’, ‘ॲन एनसीओ’, ‘ॲन अवर’. पण ‘अ जेसीओ’, ‘अ युनिफॉर्म’, ‘अ यूएन मिशन’. नद्या आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतो, एकट्या शिखराला नाही: ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’, पण नुसते ‘माउंट एव्हरेस्ट’. हे पाठच करावे लागते, त्यात तर्क फारसा नाही.

एक जागा मात्र गमतीची आहे. तुम्ही शिकायला जाता तेव्हा ‘गो टू स्कूल’. तुमचे आईबाबा तुमच्या प्रगतीची चौकशी करायला येतात तेव्हा ते ‘गो टू द स्कूल’, कारण ते त्या इमारतीत येतात, शिकायला नाही. आजारी माणूस ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि त्याला भेटायला गेलेला ‘इन द हॉस्पिटल’. घरी पत्र लिहाल तेव्हा ही दोन वाक्ये वापरून पाहा. पालकांनीही हवे तर उत्तरात वापरावीत.

आता वहीत करायचे काम. पहिले: ‘मी पेन शोधतो आहे’ या मराठी वाक्याची इंग्रजीत दोन भाषांतरे करा, एक ‘अ’ घालून आणि एक ‘द’ घालून, आणि प्रत्येक वाक्य कोणत्या प्रसंगी म्हणाल ते मराठीत एकेका ओळीत लिहा. दुसरे: रॅग्लनचा हुकूम इंग्रजीत जास्तीत जास्त 25 शब्दांत असा लिहा की खाली उभ्या असलेल्या लूकनला ‘कोणत्या तोफा?’ हे विचारावेच लागू नये. लिहून झाल्यावर तो शेजारच्या कॅडेटला वाचायला द्या आणि टेकड्या, दरी व दोन्हीकडच्या तोफा दाखवणाऱ्या कच्च्या नकाशावर त्याला बोट ठेवायला सांगा.