साठवण-यंत्राला डिस्क दिसेनाशी होते तेव्हा

ग्रंथालये, महाविद्यालये, वृत्तपत्रांची कार्यालये इत्यादी ठिकाणी जुन्या हस्तलिखितांच्या प्रतिमा, छायाचित्रे व हिशेब हल्ली पुष्कळदा एका सामाईक संगणकात ठेवलेले असतात. या संगणकास बहुधा पडदा नसतो, कळफलकही नसतो. एखाद्या कपाटात तो रात्रंदिवस चालू असतो आणि इमारतीतील इतर संगणक नेटवर्कच्या तारेवरून त्याच्याकडे माहिती मागत असतात. त्यास स्टोरेज सर्व्हर म्हणतात. त्याच्या खणांमध्ये चार, आठ किंवा त्याहूनही अधिक हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. एखाद्या सकाळी यंत्र सांगते की, चारपैकी तीनच डिस्क आढळल्या. चौथी तर आपल्या खणात बसलेली डोळ्यांना स्पष्ट दिसते आहे. मग ती यंत्राला का दिसू नये?

यंत्राला डिस्क 'दिसते' असे म्हणणे हा बोलण्याचा एक प्रकार होय. वस्तुतः तेथे एक संभाषण घडत असते. प्रथम डिस्कला ५ व १२ व्होल्ट दाबाची वीज मिळावी लागते; १२ व्होल्टवर तिची मोटर चालते व आतील तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेऊ लागतात. इकडे मदरबोर्डवरील नियंत्रक तारेवरून एक ठराविक हाक देतो आणि डिस्क तिला ओ देते. त्यानंतर कोणत्या वेगाने बोलावयाचे ते दोघांत ठरते. सॅटा नावाच्या प्रचलित पद्धतीत हे वेग सेकंदास १.५, ३ व ६ अब्ज बिट असे तीन आहेत. वेग ठरल्यावर नियंत्रक विचारतो, 'तू कोण?' उत्तरादाखल डिस्क ५१२ बाइटांचे एक ओळखपत्र धाडते. त्यात तिचा नमुना, अनुक्रमांक व एकंदर साठवणक्षमता नमूद असते. ते हाती आल्यावरच संगणक तिला नाव देतो. या साखळीतील कोणतीही एक कडी निखळली तरी परिणाम एकच: डिस्क आढळत नाही. म्हणून त्या एका संदेशावरून डिस्कच बिघडली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

कारण शोधावयास लागण्यापूर्वी काय करू नये हे समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. अशा यंत्रांत डिस्क एकेकट्या नसतात; त्यांचा एक संघ केलेला असतो. या रचनांचे 'रेड' हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधामुळे रूढ झाले. तिच्या पाचव्या प्रकारातील युक्ती साध्या बेरजेने समजते. तीन ठिकाणी ४, ७ व ५ हे अंक लिहिले आणि चौथ्या ठिकाणी त्यांची बेरीज १६ लिहून ठेवली, तर ७ हरवला तरी १६ मधून ४ व ५ वजा करून तो परत मिळविता येतो. (प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांवरील एक क्रिया वापरतात आणि ही 'बेरीज' सर्व डिस्कांवर आळीपाळीने विखुरलेली असते.) परंतु दोन अंक एकदम गेले, तर मात्र काहीच हाती येत नाही.

एक डिस्क न दिसणारा संघ म्हणजे एका दोरीवर तोललेले ओझे. माहिती अद्याप शाबूत असते. पण कोणी अनमान करून भलतीच, निरोगी डिस्क उपसून काढली, तर चालू असलेला संघ तत्क्षणी कोसळतो. यासाठी पहिले काम म्हणजे महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून घेणे. दुसरे, दिसत असलेल्या प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक टिपून ठेवणे. संगणकाने दिलेली पहिली, दुसरी, तिसरी अशी नावे सुरू होण्याच्या क्रमाने बदलू शकतात. डिस्कवरील चिठ्ठीत छापलेला अनुक्रमांक बदलत नाही. यंत्र 'नवी रचना करावयाची काय?' असे विचारू लागले, तर त्यास नकार द्यावा. तो प्रश्न वरवर मदतीचा भासतो. होकार दिल्यास मात्र जुन्या संघाची खूण पुसली जाण्याचा संभव असतो.

आता शोधाची पद्धत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो. यंत्र रीतसर बंद करून संशयित डिस्कची माहिती-तार शेजारच्या डिस्कच्या तारेशी अदलाबदल करावी व पुन्हा सुरू करून पाहावे. दोष डिस्कबरोबर राहिला, तर तो डिस्कमध्ये किंवा तिच्या विजेत आहे. दोष तारेबरोबर शेजारणीकडे गेला, तर तो तारेत किंवा मदरबोर्डवरील जोडणीत आहे. पुष्कळ आधुनिक संघ आपले सभासद डिस्कवर लिहिलेल्या खुणेवरून ओळखतात, त्यामुळे अशा अदलाबदलीने त्यांचे बिघडत नाही. काही जुने नियंत्रक मात्र जागेवरून ओळखत, म्हणून माहितीपुस्तिका आधी पाहिलेली बरी.

तार ही क्षुद्र वस्तू असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. सॅटाची साधी तार सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्यापुरतीच बनविलेली असते. तिच्या दोषाचा पुरावा डिस्क स्वतःच बाळगते: स्मार्ट नावाच्या आरोग्यनोंदीत १९९ क्रमांकाचा आकडा बहुधा वाटेत बिघडलेल्या संदेशांची मोजदाद ठेवतो. हा आकडा सहसा कमी होत नाही. म्हणून तार बदलल्यावर तो शून्य झाला काय हे न पाहता, वाढावयाचा थांबला काय हे पाहावे.

विजेचे दोष अधिक फसवे असतात. फिरू लागताना मोठ्या आकाराची डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या, तर तो १६ अँपिअर, म्हणजे सुमारे १९२ वॅट होतो. जुना पॉवर सप्लाय त्या क्षणी दमला की एखादी डिस्क मागे राहते. यंत्र थंड असता सुरू केले तर डिस्क नाही, लगेच पुन्हा सुरू केले तर आहे, अशी लक्षणे दिसल्यास संशय प्रथम येथे घ्यावा. डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय अनेक नियंत्रकांत याचसाठी केलेली असते.

याहून विलक्षण प्रकार नव्या डिस्कच्या बाबतीत आढळतो. सॅटाच्या वीजजोडणीत १५ पिना असतात. त्यांपैकी पहिल्या तिन्हींवर पूर्वी ३.३ व्होल्ट पुरविण्याची तरतूद होती, पण मोठ्या आकाराच्या डिस्क ती वीज सहसा वापरीत नसत. २०१६ मधील सॅटा ३.३ या नियमावलीने तिसऱ्या पिनेस निराळे काम दिले: तिच्यावर दाब आला की डिस्कने बंद राहावे. हजारो डिस्क असलेल्या केंद्रांत अडकलेली डिस्क दुरूनच बंद-चालू करता यावी, हा त्यामागील हेतू. परंतु अशी डिस्क जुन्या पॉवर सप्लायला जोडली की त्या पिनेवर ३.३ व्होल्ट सदैव असतात, म्हणजे डिस्कला 'बंद राहा' ही आज्ञा अखंड मिळत राहते. ती फिरतच नाही. निर्दोष डिस्क अशा रीतीने सदोष समजून दुकानात परत जाऊ शकते. उपाय अगदी सोपा आहे: माहिती-जोडणीच्या बाजूने मोजता तिसरी असलेली पिन उष्णतारोधक विद्युतरोधी चिकटपट्टीने झाकावी, किंवा ३.३ व्होल्ट नसलेली वीजतार वापरावी. जोडतार विकत घ्यावयाची झाल्यास साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या टोकाची घेऊ नये. त्या जळाल्याची उदाहरणे आहेत.

कधी डिस्क दिसते, परंतु खुजी होऊन. ३००० अब्ज बाइटांच्या डिस्कवर ५,८६,०५,३३,१६८ खंड असतात, तर ३२ बिटांत खंडांचे केवळ ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक मावतात. जुन्या नियंत्रकास उरलेलेच खंड मोजता आले, म्हणजे डिस्क सुमारे ८०१ अब्ज बाइटांची भासते. तिच्यावर काहीही लिहिण्यापूर्वी नियंत्रक बदलावा. मदरबोर्डवर एम-दोन जातीची छोटी डिस्क बसविताच सॅटाची एखादी जोडणी निकामी होणे हाही बिघाड नव्हे. दोन्ही सोयी एकाच वाटेवर भागविलेल्या असू शकतात व तसे पुस्तिकेत लिहिलेले असते.

भर दुपारी नाहीशी होणारी व पुन्हा सुरू करताच परतणारी डिस्क वेगळ्या वर्गातील. घरगुती वापराची डिस्क वाचता न येणाऱ्या खंडाशी मिनिटभरसुद्धा झगडत राहते. लिनक्स प्रणाली सामान्यतः ३० सेकंद वाट पाहून तिला बेपत्ता ठरविते. संघासाठी बनविलेल्या डिस्क सुमारे ७ सेकंदांतच हार मानून तसे कळवितात, आणि बाकीचे काम संघ पार पाडतो.

अर्थात डिस्क खरोखरच मरतातही. टकटक आवाज येऊ लागला, किंवा स्मार्टच्या नोंदीतील ५ व १९७ हे आकडे वाढत चालले, तर ती बदलावी हेच बरे. नव्या डिस्कवर माहिती पुन्हा रचण्यास वेळ लागतो: ४००० अब्ज बाइट सेकंदास १५ कोटी बाइट या वेगाने लिहावयाचे म्हटले तरी जवळजवळ साडेसात तास होतात, आणि यंत्र इतर कामात असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. या अवधीत उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो. वर्षानुवर्षे न वाचलेल्या खंडांतील दोष नेमके तेव्हाच उघडकीस येतात. दुसरीकडे उतरवून घेतलेली प्रत त्या वेळी उपयोगी पडते. पुनर्रचना आटोपल्यावर सर्व डिस्कांची एकदा संपूर्ण वाचन-तपासणी करून घ्यावी आणि नव्या डिस्कचा अनुक्रमांक व बसविल्याची तारीख खणाच्या दर्शनी बाजूस चिठ्ठीवर लिहून चिकटवावी.