दिवाळे

‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे लागतात. पण एकाचा उच्चार होताच मन आनंदते, तर दुसऱ्याने व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सर्वस्व गमावण्याच्या प्रसंगाशी दिव्याचा काय संबंध असावा बरे?

याचे उत्तर एका जुन्या व्यापारी रिवाजात सापडते. देणी फेडणे अशक्य झाले, म्हणजे व्यापारी आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवी आणि काही काळ तेथून दूर होई. धनकोंना हिशेब दाखवून किंवा उरलेली मालमत्ता वाटून त्यांचे समाधान होईपर्यंत तो परतत नसे. हा दिवा भर दिवसा जळे, असे परंपरेने सांगतात. गुजराती, मराठी व इंग्रजी या भाषांच्या व्याकरणावर रॉबर्ट ड्रमंड याने लिहिलेले पुस्तक 1808 साली मुंबईस छापले गेले. त्यात या रिवाजाची नोंद आहे. दिव्यावरून ‘दिवाळे’ ही व्युत्पत्ती सर्वच कोशकारांना मान्य नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

रात्रीचा दिवा उजेडासाठी असतो. दिवसाचा दिवा मात्र केवळ सांगण्यासाठी! ‘या पेढीवर आता कोणी पैसा ठेवू नये,’ असे तो न बोलता सांगे. म्हणूनच ‘दिवाळे काढणे’ या प्रयोगात करणारा माणूस दिसतो. ‘दिवाळे निघणे’ म्हटले की तो दिसेनासा होतो.

गरिबीचे इतर शब्द निराळे आहेत. ‘दरिद्र’ हा शब्द धावणे या अर्थाच्या ‘द्रा’ या संस्कृत धातूपासून आला. पोटासाठी वणवण भटकणारा तो दरिद्री. ‘नादार’ हा फारसी शब्द. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. पूर्वी शाळेत गरीब विद्यार्थ्याला फी माफ होई, तिलाही ‘नादारी’ म्हणत. नादारी मिळालेल्या मुलाला त्या शब्दाची लाज वाटण्याचे काहीच कारण नव्हते, कारण त्यात दोषारोप नाही.

‘दिवाळखोर’ या शब्दात मात्र तो आहे. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय. त्याचा मूळ अर्थ खाणारा. लाच खातो तो लाचखोर. पुढे प्रत्ययाचा अर्थ पसरला आणि ज्याला भांडणाची खोडच आहे तो भांडखोर झाला. दिवाळे हे पुष्कळदा दुष्काळाने, आगीने किंवा दुसऱ्याने बुडवल्यानेही निघते. तरीही हा प्रत्यय लागताच जणू दिवाळे काढणे हा त्या माणसाचा स्वभावच ठरतो! ज्याने दिवा लावून आपली वही सर्वांपुढे उघडली, त्यालाही हेच नाव मिळाले. हा अन्यायच म्हणावयाचा.

भारताच्या संसदेने 2016 साली नादारी व दिवाळखोरी यांविषयीची संहिता संमत केली. आता दिवा लावावा लागत नाही; अर्ज करावा लागतो. बोलण्यात मात्र जुना शब्द टिकून आहे. एखाद्याच्या ‘अकलेचे दिवाळे निघाले’ असे आपण म्हणतो. ‘अकलेची नादारी’ असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण दिवाळे निघण्यासाठी आधी जवळ काहीतरी असावे लागते.

स्वाध्याय : ‘खोर’ हा प्रत्यय लागलेले आणखी चार शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांत ‘खाणारा’ हा मूळ अर्थ उरला आहे, ते सांगा.