पक्षिमित्रांच्या ग्रुपवर राजकारण पेटले तर?

प्रश्न : आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. निवडणूक आली की भांडणे जुंपतात, जुने जाणकार ग्रुप सोडतात. सगळ्यांनाच गप्प करायचे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गप्प करू नका, विषयाची हद्द आखा. पक्ष, नेते, जात-धर्म यांवरचे संदेश नकोत, हे ग्रुपच्या माहितीत लिहा आणि हा नियम स्वतःच्या मतांनाही लावा. मात्र पाणथळ जागेवरचा भराव, माळढोकाच्या अधिवासातल्या वीजतारा हे पक्ष्यांचेच प्रश्न आहेत. त्यांवर बोलू द्या; टीका निर्णयावर असावी, माणसावर नको. घरट्यांच्या फोटोंवरून वाद झाला तर पक्ष्याचे हित आधी : घरट्याचे ठिकाण टाकायचे नाही.

नियम मोडणाऱ्याला आधी खासगीत सांगा. दुसऱ्यांदा संदेश काढा. तिसऱ्यांदा निरोप द्या. भडका उडालाच तर रात्रभर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल, अशी सेटिंग ठेवा. कायद्याची उगाच धास्ती नको : संगनमत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. भिन्न मतांचे दोन सहअ‍ॅडमिन नेमा, म्हणजे पक्षपाताचा संशय उरणार नाही.