लाल ठिपका आणि दोन स्क्रू

कॉलेजच्या मासिकात पिस्तुलावर लेख बघून भुवया उंचावू नका. हा विषय शंभर टक्के आपल्या सिलॅबसमधला आहे. डायनॅमिक्स आहे, ऑप्टिक्स आहे आणि सगळ्यात जास्त मशीन डिझाइन आहे. हॉस्टेलवर रात्री दोन वाजता काउंटर-स्ट्राइक खेळताना हातात जो ग्लॉक असतो त्याला वजन नसतं, धक्का नसतो आणि त्याचे स्क्रूही कधी ढिले होत नाहीत. खऱ्या पिस्तुलाला हे तिन्ही असतं.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्स लागतं आणि ९ मिलिमीटरचा बोअर सामान्य नागरिकाला बंदच आहे. अमेरिकेत गोष्ट वेगळी. स्वतःच्या रक्षणासाठी घरात हँडगन ठेवण्याचा हक्क तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००८ च्या हेलर खटल्यात मान्य केला. त्यामुळे आपण बाइक घेताना जशी चर्चा करतो तशीच तिथला माणूस पिस्तूल घेताना करतो. त्याची मागणी साधारण अशी असते: फुल-साइज हवं, 'ऑप्टिक्स-रेडी' हवं, रात्री घराच्या रक्षणाला आणि रविवारी रेंजवर सरावाला एकच चालायला हवं. चर्चा मात्र होते ती ब्रँडची. इंजिनिअरने खरं तर जोड बघितला पाहिजे. कसा ते पुढे सांगते.

आधी साइज. ग्लॉक १७ हे फुल-साइजचं नेहमीचं उदाहरण: लांबी सुमारे २० सेंटिमीटर, नळी ११४ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १७ काडतुसं. भरलेलं असताना वजन सुमारे ९०० ग्रॅम. ९ मिलिमीटरची एक नेहमीची गोळी ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला अंदाजे ३५० मीटर वेगाने निघते. म्हणजे मोमेंटम २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच मोमेंटम उलट्या दिशेने पिस्तुलाला मिळतो (गॅसचा वाटा सोडून देऊ, हा पेपर नाही). आता मोमेंटमचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान करा. ९०० ग्रॅमच्या पिस्तुलात धक्क्याची ऊर्जा येते ४.४ ज्यूल आणि खिशात मावणाऱ्या ६०० ग्रॅमच्या पिस्तुलात ६.५ ज्यूल. गोळी तीच, पण हाताला बसणारी ऊर्जा दीडपट. बारीक चणीच्या माणसाला छोटं पिस्तूल सोपं जाईल हा समज त्यामुळे उलटा आहे. छोटं पिस्तूल लपवायला सोपं असतं, चालवायला नाही. घरात ठेवायचं असेल तर लपवून फिरण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून फुल-साइज.

आता लाल ठिपका. साध्या पिस्तुलावर दोन साइट असतात, एक मागे खाच असलेली आणि एक पुढे. ग्लॉक १७ वर त्यांच्यात १६५ मिलिमीटर अंतर आहे. पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली तर समरूप त्रिकोणाने १० मीटरवर गोळी ६ सेंटिमीटर बाजूला जाते आणि २५ मीटरवर तब्बल १५ सेंटिमीटर. शिवाय डोळ्याला खाच, पुढची साइट आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या वस्तू एकदम बघाव्या लागतात, आणि आपल्या डोळ्याचं लेन्स एका वेळी एकच अंतर पकडतं.

यावर तोडगा डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली पेटंट केला होता. हे गृहस्थ दुर्बिणी बनवायचे. वक्र आरशाच्या फोकसवर प्रकाशाचा बिंदू ठेवला की परावर्तित किरण समांतर होतात, आणि समांतर किरण डोळ्याला अनंतावरून आल्यासारखे वाटतात. बारावीचं रे-ऑप्टिक्स, बास. आजच्या साइटमध्ये बिंदूच्या जागी लाल एलईडी असतो आणि आरशाच्या जागी असा कोटिंग दिलेला काच की जो लाल परावर्तित करतो आणि बाकी प्रकाश सरळ जाऊ देतो. त्यामुळे ठिपका लक्ष्यावरच चिकटवल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे. ठिपक्याचा आकार एमओएमध्ये मोजतात, १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. ६ एमओएचा ठिपका १० मीटरवर १७ मिलिमीटर झाकतो आणि २५ मीटरवर ४४. घरासाठी मोठा ठिपका बरा, पटकन सापडतो. रेंजवर कागदाच्या मधोमध मारणाऱ्याला २ किंवा ३ चा आवडतो.

चष्मेवाल्यांसाठी एक सूचना. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. अशा वेळी दुकानदाराशी भांडण्याआधी मोबाइलने साइटमधून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा, नंबर तपासून घ्या.

आता मुख्य मुद्दा. 'ऑप्टिक्स-रेडी' हा शब्द ऐकला की वाटतं, आणली साइट आणि बसवली. पण रेडी कशासाठी? रायफलवर साइट बसवायच्या पट्टीला १९९५ पासून अमेरिकन लष्कराचं स्टँडर्ड आहे, तिला पिकाटिनी रेल म्हणतात. पिस्तुलाच्या स्लाइडला असं सगळ्यांनी पाळलेलं एक स्टँडर्ड नाही. ट्रिजिकॉनच्या आरएमआरची भोकं एका अंतरावर, ल्युपोल्डच्या डेल्टापॉइंट प्रोची दुसऱ्या, आणि एमपॉइंटचा अ‍ॅक्रो तर भोकांवर न बसता आडव्या खाचेला पकडतो. या मांडणीला 'फूटप्रिंट' म्हणतात. मोबाइल चार्जरच्या पिनांचा जो गोंधळ आपण वर्षानुवर्षे भोगला तोच इथे, फक्त इथे पिन सेकंदाला काही मीटर वेगाने मागेपुढे धावते.

यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे अ‍ॅडॅप्टर प्लेट. ग्लॉकने २०१५ साली आपल्या काही मॉडेल्सवर एमओएस नावाने हेच आणलं: स्लाइडवर एक खोबण आणि सोबत वेगवेगळ्या फूटप्रिंटच्या प्लेट्स. सोयीचं आहे, पण जोड एकाचे दोन झाले. प्लेट स्लाइडला स्क्रूने, साइट प्लेटला स्क्रूने. टॉलरन्स स्टॅक-अप शिकवताना सर जे उदाहरण देतात त्याऐवजी हे द्यायला हरकत नाही.

त्या स्क्रूंवर भार किती येतो बघू. स्लाइड आणि नळी मिळून ४५० ग्रॅम धरा. २.८ मोमेंटम त्यांना मिळाला की वेग होतो सेकंदाला साधारण ६ मीटर. गोळी नळीत असते अर्धा मिलिसेकंद. म्हणजे त्वरण १२,००० मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या बाराशे पट! साइट बिचारी ३४ ग्रॅमची, पण तिला सोबत ओढायला ४०० न्यूटन लागतात, म्हणजे ४० किलोची गोणी. स्लाइड पुढे येऊन आपटते तेव्हा उलट्या दिशेने आणखी एक झटका. आणि हे प्रत्येक गोळीला. रेंजवर एका सकाळी दोनशे गोळ्या झाडल्या तर दोनशे वेळा.

आता मशीन डिझाइनचं पहिलं युनिट आठवा. स्क्रूने दाबून धरायचं असतं, आडवा भार त्याच्यावर टाकायचा नसतो. आडवा भार घ्यायला डॉवेल किंवा खांदा हवा. चांगल्या स्लाइडमध्ये त्यासाठी वर आलेल्या खुंट्या असतात, त्या साइटच्या तळाच्या खाचांत घट्ट बसतात, किंवा खोबणीची पुढची-मागची भिंत साइटला टेकते. बसवल्यावर साइट बोटाने मागेपुढे किंचितही हलत असेल, तर सगळा भार त्या दोन बारीक स्क्रूंवर आला असं समजा. म्हणून दुकानात विचारण्याचे प्रश्न हे: स्लाइड कोणत्या फूटप्रिंटसाठी थेट कापली आहे? प्लेट असेल तर स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची? खुंट्या कुठे आहेत? आटे किती पकडतात? माझं मत विचाराल तर आधी साइट ठरवावी आणि मग तिच्यासाठी थेट कापलेली स्लाइड शोधावी. उलटं करणारे प्लेट्स गोळा करत बसतात.

बसवताना आटे स्पिरिटने पुसून तेल काढायचं, उघडता येणारं थ्रेड-लॉकर थेंबभर लावायचं आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच थांबायचं. बऱ्याच साइट्सचा हा टॉर्क दीड न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तेव्हा वर्कशॉपमध्ये आपण पान्यावर लटकतो तसं करू नये. नंतर स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर पेंटची एक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

घर आणि रेंज यांच्या मागण्या मात्र काही ठिकाणी जुळत नाहीत. रेंजवर एलईडीच्या खिडकीत कचरा गेला तर फुंकर मारता येते, घरात सहा महिने पडून धूळ खाल्लेल्या साइटला तेवढा वेळ मिळत नाही. तिथे चारही बाजूंनी बंद डबीसारखी साइट चांगली. बॅटरी ठरलेल्या तारखेला दरवर्षी बदलायची. अंधारात नेमकं कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, म्हणून टॉर्च हवाच. पांढऱ्या भिंतीवरून टॉर्चचा प्रकाश परत आला की मंद ठेवलेला ठिपका पुसला जातो, तेव्हा ब्राइटनेस टॉर्च लावूनच ठरवायचा. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे असतात. ९ मिलिमीटरची गोळी अशा एकाहून अधिक भिंती पार करते. पलीकडच्या खोलीत कोण झोपलंय हा प्रश्न पिस्तूल निवडण्याच्याही आधीचा आहे.

आणि तिजोरी. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळलं आणि स्त्रियांमध्ये पस्तीसपट. घरात शिरणारा चोर कदाचित कधीच येणार नाही. घरातलाच एखादा वाईट रात्रीतून जाणारा माणूस मात्र तिथेच राहतो. साइटवर चारशे डॉलर घालवणाऱ्याने कुलपावर चाळीस घालवले तर त्याचं डिझाइन अपुरं आहे, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर पिस्तूल तेवढे दिवस घराबाहेर ठेवणं हेच उत्तर.

आपल्यापैकी बरेच जण एम.एस.ला तिकडे जाणार, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यात येतं, त्यामुळे रूममेट 'चल, गंमत म्हणून' म्हणाला तरी आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारा. नेमबाजीच करायची असेल तर इथे १० मीटर एअर पिस्तूल आहे. २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आपल्या कोल्हापूरचीच. या दोन्ही प्रकारांत लाल ठिपक्याला परवानगी नाही, खाच आणि पुढची साइट स्वतःच्या डोळ्यानेच जुळवावी लागते.