सी भाषेत दूरच्या डिरेक्टरीकडे जाताना
लिनक्समध्ये ‘सीएचडिर’ या फंक्शनला दिलेला मार्ग शेवटच्या शून्य बाइटसह 4096 बाइटांहून लांब असला, की ते उणे एक परत करते आणि ‘ईनेमटूलाँग’ ही त्रुटी नोंदवते. बफर मोठा करून काहीही साधत नाही. ही मर्यादा एका वेळी दिलेल्या मार्गाची आहे, डिरेक्टऱ्यांच्या खोलीची नव्हे. एकेका नावाला मात्र बहुतेक फाइल-व्यवस्थांत 255 बाइटांची वेगळी मर्यादा असते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, 3 बाइट घेते. मराठी नाव 85 चिन्हांतच संपते!

मार्ग तिरप्या रेघांवर तोडून एकेक टप्पा उतरावा. परंतु ‘सीएचडिर’नेच उतरताना मध्ये कोठे परवानगी नाकारली गेली, तर प्रोग्राम अर्ध्या वाटेवर उभा राहतो, परतमूल्य तपासले नसेल, तर पुढची फाइली पुसण्याची आज्ञा भलत्याच ठिकाणी चालते. म्हणून प्रत्येक टप्पा ‘ओपनअ‍ॅट’ने उघडावा, मागचा डिस्क्रिप्टर बंद करावा आणि शेवटचा हाती आल्यावरच ‘एफसीएचडिर’ करावे. तोवर प्रोग्राम आपल्या जागेवरून हलत नाही. मार्ग रेघेनेच सुरू होत असेल, तर पहिला डिस्क्रिप्टर रूट डिरेक्टरीचा घ्यावा.