पंखा फिरतोय, एवढ्यावर थांबू नकोस

चि. निखिल यास,

फोनवर तू ‘होईल गं आत्या, दोन सुट्ट्यांत उरकतो’ म्हणून विषय संपवलास, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. डेस मॉइन्सच्या नव्या घराच्या बेसमेंटमध्ये मातीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू रेडॉन लिटरमागे 11 पिकोक्युरी निघाला, याचं मला नवल वाटलं नाही. आयोवातल्या 99च्या 99 काउंट्या ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) नकाशात सर्वांत जास्त रेडॉनच्या पट्ट्यात आहेत. लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करा, असं ईपीए सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याहून कडक आहे. घनमीटरमागे 100 बेकरेल, म्हणजे साधारण 2.7 पिकोक्युरी. तेव्हा फरशीखालची हवा पंख्याने ओढून नळीवाटे बाहेर टाकणारी यंत्रणा हवीच. प्रश्न आहे ती कशी बसवायची याचा.

पंखा बेसमेंटमध्ये बसवण्याचा तुझा बेत आधी सोड. विजेची जोडणी जवळ पडते, थंडीत माळ्यावर चढावं लागत नाही, हे सगळं मला कळतं. पण फरशीखालून ओढलेल्या हवेत घरातल्या हवेच्या कितीतरी पट रेडॉन असतो. पंख्याच्या अलीकडे एखादा सांधा सुटला तर खोलीतली हवा नळीत ओढली जाईल; यंत्रणेचा जोर कमी होईल, इतकंच. पंख्याच्या पुढे सुटला तर तीच दाट हवा थेट खोलीत फेकली जाईल, आणि रेडॉनला वास नाही, रंग नाही, त्यामुळे तुला पत्ताही लागणार नाही. म्हणून पंख्याची जागा माळ्यावर किंवा घराबाहेर. नळीचं तोंड छताच्या वर काढायचं, जमिनीपासून किमान 10 फुटांवर आणि खिडक्यांपासून लांब. नळीला मातीच्या दिशेने उतार ठेवायचा, म्हणजे साचलेलं पाणी परत मातीत जातं.

फरशीला भोक पाडण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते शोधून काढावं लागतं: वायरी, पाण्याच्या नळ्या, काही घरांत ताणलेल्या तारा. अशी तार तुटली तर जिवावर बेतू शकतं. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते, त्यामुळे ओलं ड्रिलिंग आणि चांगला मास्क यांवर तडजोड नको. जुन्या घरात फरशीवरच्या टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तपासल्याशिवाय त्या खरवडू नकोस.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या फर्नेसची आणि वॉटर हीटरची. फरशीच्या भेगा आणि संप पंपाचा खड्डा नीट बंद केला नाही, तर पंखा मातीऐवजी बेसमेंटचीच हवा ओढू लागतो. मग तिथला दाब घटतो आणि धुरांड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली येऊ शकतो, कार्बन मोनॉक्साइडसकट. रेडॉनचं नुकसान दिसायला वर्षं लागतात. कार्बन मोनॉक्साइड एका रात्रीत माणूस नेतो. म्हणून यंत्रणा सुरू केल्यावर, घर बंद ठेवून आणि स्वयंपाकघरातला व ड्रायरचा पंखा चालू ठेवून, धूर वरच जातोय ना ते तपासून घे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी लाव.

तुझ्या हातांवर माझा विश्वास आहे. पण माझं उभं आयुष्य वायुवीजनाच्या कामात गेलं, आणि एवढं नक्की सांगते की हवेचा दाब अंदाजाने कळत नाही. परवानाधारक माणूस बोलाव. तो आधी बारीक भोकं पाडून फरशीखाली ओढ कुठपर्यंत पोचते ते मोजतो. जो न मोजताच नळी कुठे बसणार ते सांगेल, त्याला काम देऊ नकोस.

नळीवर रंगीत द्रव भरलेली यू आकाराची छोटी पारदर्शक नळी असते. दोन बाजूंच्या पातळ्यांत फरक असेल तर ओढ आहे. पातळ्या सारख्या झाल्या की पंखा बंद पडला. पहिल्या दिवशीची पातळी पेनाने खूण करून ठेव आणि येता-जाता बघत जा. मात्र ही नळी रेडॉन मोजत नाही. पंखा जोरात चालतोय आणि घरात रेडॉन तसाच आहे, असंही होतं. यंत्रणा किमान 24 तास चालली की चाचणी लाव आणि ती महिन्याच्या आत उरक. चाचणीच्या 12 तास आधीपासून ती संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद. किमान 48 तास मोजायचं. भर थंडीत एकदा पुन्हा मोज, कारण तेव्हा गरम हवा वर चढते आणि घर मातीतून जास्त वायू ओढतं. पुढे दर 2 वर्षांनी.

आमच्या पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनीअर होता. 1984च्या डिसेंबरात लिमरिक अणुवीज केंद्रात शिरतानाच त्याच्यामुळे किरणोत्साराचे अलार्म वाजायचे. कामाच्या जागी काहीच सापडेना. शेवटी त्याचं घर तपासलं, तर आत सुमारे 2,700 पिकोक्युरी! दुरुस्ती झाल्यावर ते कुटुंब त्याच घरात परत राहायला गेलं. शेजाऱ्याच्या घरातला आकडा कमी असला म्हणून आपल्याही घरात कमी असेल, असं नसतं. तुझं घर तुलाच मोजावं लागेल.

आता दादाबद्दल. अमेरिकेत वर्षाला सुमारे 21,000 लोक रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात, असा ईपीएचा अंदाज आहे, आणि सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका कितीतरी पट जास्त असतो. दादाने सिगारेट सोडली असली तरी तीस वर्षं ओढली आहे. नोव्हेंबरात तो आणि वहिनी नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणार, आणि त्यांची खोली तू बेसमेंटमध्ये लावली आहेस. चाचणीचा आकडा हातात येईपर्यंत त्यांचं अंथरूण वरच्या मजल्यावर घाल, तुम्हा दोघांना हॉलमध्ये झोपावं लागलं तरी चालेल. कंत्राटदाराचा नकाशा कामाआधी मला पाठव. पंखा कुठे दाखवलाय ते मी बघते.

तुझी,
आत्या